तारामावशीनं बटण दाबलं होतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही — आणि ह्यांना तर मी भाजीवालीशी झालेली घासाघीसही शब्दन्‌शब्द ऐकवते. आईला सांगावं असं एकदा फार वाटलं होतं. पण आई म्हणाली असती, "जाऊ दे गं, किती लहान होतीस तू," आणि मला नेमकं तेच ऐकायचं होतं, म्हणून नाही सांगितलं. तुम्हाला सांगते. तुमची-माझी ओळख नाही, ते एक बरं आहे.

गोष्ट एका बल्बची आहे. हसाल तुम्ही. साठ वॅटचा, पिवळा, कुठल्याही किराणा दुकानात मिळायचा तसला बल्ब. त्याचं काय एवढं? मीही स्वतःला कित्येक वर्षं हेच विचारत आले. पण पहिल्यापासून सांगते, मधूनच सुरुवात केली तर मी स्वतःला अलगद सोडवून घेईन. दहा वर्षं वकिली केली आहे, सुटायच्या वाटा मला पाठ आहेत.

मी येवल्याची. वडील पैठणीच्या मागावर बसायचे. घरात लॉचा 'ल' कुणी काढलेला नव्हता, पण मी हट्टाला पेटले आणि नव्वदीच्या मधल्या वर्षांत नाशिकला येऊन दाखल झाले. वडिलांनी एकच अट घातली — राहशील त्या घरातून एक जरी तक्रार आली, तरी ट्रंक उचलायची आणि घरी यायचं. घरी यायचं म्हणजे पुढे काय, ते मला ठाऊक होतं. स्थळं आधीच येऊन बसली होती.

पंचवटीत तारामावशीच्या घरी वरची खोली मिळाली. नात्याची नव्हे हो, ओळखीतून ओळख. माळ्यांचं घर. मखमलाबादेकडे त्यांचा मळा, त्यात शेवंती, झेंडू, थोडे गुलाब. मळा मुलगा बघायचा, दत्तूदादा. सून अलकावहिनी घर बघायची. आणि हार करून पहाटे फुलबाजारात नेऊन बसायचं काम मावशीचं. पहिला महिनाभर मी तिला "अहो मावशी" म्हणत होते. मग एकदा तापानं पडले, तिनं रात्रभर डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, आणि उठले ती "अगं मावशी" म्हणतच.

खाली दत्तूदादाचं कुटुंब, वर दोन खोल्या — एक माझी, एक मावशीची. मध्ये जिना. तो दोन भिंतींच्या मधून उतरायचा, खिडकी नाही, झरोका नाही, भरदुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय पायरी दिसायची नाही. वरच्या पायरीवर उभं राहिलं की छत इतकं जवळ की हात वर केला तर होल्डरला लागायचा. बटण तिथेच, मावशीच्या दाराशेजारी.

मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बाजारातले लोक तिच्याकडे येऊन विचारायचे, मावशी, अमक्या मंगल कार्यालयाचे किती हार होते हो? कुणाचा बिनगुलाबाचा, कुणाला एकादशीला तुळस मिसळून, कोणाकडे गुरुवारचा एक लहान — चाळीसेक घरं तिच्या डोक्यात. चुकायची नाही. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

तिसऱ्या वर्षाला आम्हाला टॉर्ट आला. टॉर्ट म्हणजे अपकृत्य. करार मोडलेला नाही, पोलिसांत जावं असा गुन्हाही नाही, पण एकाच्या वागण्यानं दुसऱ्याचं नुकसान झालं — मग जबाबदार कोण? शिकवायला एक म्हातारे वकील यायचे, कोर्टातून थेट, काळा कोट हातावर टाकून. ते सांगायचे, निष्काळजी माणूस काही दुष्ट नसतो, त्या घडीला त्याच्या डोळ्यांसमोर दुसरा माणूस नसतो, एवढंच. असावा, असं कायदा म्हणतो. हे मी वहीत लाल शाईनं अधोरेखित केलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

संध्याकाळी मावशी हार ओवत बसली की मी तिला खटले वाचून दाखवायची. मला पाठांतर व्हायचं, तिला करमणूक. टॉर्टच्या पुस्तकात ती एक प्रसिद्ध बाटली असते ना, परदेशातली — शीतपेयाच्या बाटलीत मेलेली गोगलगाय निघते, प्यायलेली बाई आजारी पडते. आता बाटली भरणाऱ्याला ती बाई कोण, कुठली, काही माहीत नाही, बाटली विकत घेतली ती तिसऱ्यानंच. मग तो जबाबदार का? मी अगदी कोर्टाच्या थाटात विचारलं. मावशीनं मान वर न करता निकाल दिला. "कोणतरी पिणारच व्हतं ना त्ये? का घरात ठेवाया भरली व्हती?"

आणि मग तिनं मला तिच्या सुया दाखवल्या. हाराच्या लांब सुया, पाच. ओवणं संपलं की ती त्या एकेक करून मोजायची आणि मगच पाटीवर ओला फडका टाकायची. पाच भरल्या नाहीत तर सगळे हार पुन्हा हातातून काढायची, एकेक फूल चाचपत. एखादी सुई हारात राहिली तर? "ज्याच्या गळ्यात पडंल त्यो माझ्या वळखीचा थोडाच असतो," म्हणाली. माझा आख्खा धडा तिला आधीच येत होता. मी तिला म्हटलं, मावशी, परीक्षेला तूच बस. ती हसली आणि म्हणाली, "तूच जा वकीलीणबाई, मला बाजार हाय."

ती मला वकीलीणबाई म्हणायची. बाजारात सांगायची, माझ्या घरात वकीलीण ऱ्हाती.

बघा, पुन्हा मी इकडेतिकडे फिरते आहे. सुया, बाटल्या. सांगते.

टॉर्टचा पेपर होता त्या दिवशी मी पहाटे तीनला उठून वाचत होते. साडेतीनच्या सुमाराला माझ्या खोलीतला बल्ब गेला. दुकानं बंद. मी जिन्यात गेले, हात वर केला, जिन्यावरचा बल्ब फिरवून काढला आणि माझ्या खोलीत लावला. मावशी पाचला पाटी घेऊन खाली उतरते, हे मला माहीत होतं. तीन वर्षं रोज ऐकत होते तिची पावलं. पाचच्या आत परत लावू, असं ठरवूनच काढला होता. आणि मग वाचायला बसले. कुठला धडा, ते विचारूच नका. तोच होता — दुसऱ्याची काळजी घेण्याचं कर्तव्य.

दार बंद होतं माझं. मावशीच्या दाराची कडी वाजलेली मी ऐकली असेन का? ऐकली असणार. बटणाचा आवाज — टक्, आणि पुन्हा टक्. तो मात्र ऐकला. आता शपथेवर विचाराल तर सांगते, ऐकला. डोक्यापर्यंत पोचला नाही, कारण मी ओळ संपवत होते. मग ती पडल्याचा आवाज आला.

दार उघडलं तर माझ्या खोलीतला उजेड जिन्यात पडला आणि त्यात सगळ्या पायऱ्यांवर शेवंतीचे हार. खाली वळणावर मावशी. दत्तूदादा बॅटरी घेऊन धावत आला, वहिनी आली, दोघांनी तिला उचलून पुढच्या खोलीत नेलं. मी चार पायऱ्या उतरले होते. आणि — इथे मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा इथेच थांबते. चार पायऱ्या उतरले होते, आणखी आठ उतरले असते तर तिच्याजवळ पोचले असते. मी मागे फिरले. खोलीतला दिवा बंद केला आणि अंधारात चाचपत बल्ब काढला. दीड तास पेटलेला बल्ब, बोटं भाजली, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. तरी सोडला नाही. जिन्यात जाऊन परत होल्डरमध्ये बसवला. मग खाली गेले, आणि मावशीचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

मनगट मोडलं होतं, दिसतच होतं. ती कण्हत नव्हती. दत्तूदादानं विचारलं, अंधारात कशाला उतरलीस? ती म्हणाली, दिवा लागला नाही, दोनदा बटण दाबलं. "पोरीला हाक मारणार व्हते, उजेड दाखव म्हणून. पर तिचा पेपर हाय, म्हणलं नको." दत्तूदादा जिन्याकडे गेला. वरून बटणाचा आवाज आला, आणि सगळा जिना उजळला.

"आई, दिवा तर लागतोय."

मग त्यानं मला विचारलं, मी वरच होते म्हणून. रागानं नाही, साधं विचारलं, की बाई, दिवा गेला होता का? तुम्हाला वाटतं का की तोंडातून खरं काढायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी गप्प राहिले? गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी बोलले. चांगल्या स्वच्छ आवाजात बोलले.

"नाही हो दादा. मी तीनला उठले तेव्हा लागत होता की."

शब्दाला शब्द खरा होता, पाहा. तीनला लागतच होता. तेव्हाही वकीलच होते मी.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हिला कळलं. पण ती मला पारखत नव्हती. स्वतःच्याच आत काहीतरी शोधत होती, आपलं बोट बटणावर गेलं होतं का नव्हतं, ते. आणि मग ती माझ्यावर विश्वास ठेवून म्हणाली, "मग माझंच चुकलं असंल."



रिक्षा आली. तिला आत बसवत होते, आणि तिला आठवलं. वहिनीला म्हणाली, पोरीच्या हातावर दही घाल, पेपर हाय तिचा. वहिनीनं तशाही घाईत वाटी आणली. मी उजवा हात पुढे केला आणि ते गार दही भाजलेल्या बोटांवर आलं — काय बरं वाटलं, हे सांगायलाही लाज वाटते. मावशीचं लक्ष गेलं. मोडलेला हात छातीशी धरून तिनं विचारलं, बोटांना काय झालं गं? मी म्हटलं, चहाचं पातेलं. "जपत जा," म्हणाली.

अकराला पेपर. गेलेला बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घेतला होता, वाटेत टाकायला. पिशवी हलली की आतली तुटकी तार किणकिणायची. कॉलेजच्या मागे कचऱ्याच्या पिंपात टाकला. पेपरात अ आणि ब चा एक प्रश्न असतोच — अमुक घडलं, जबाबदार कोण, कारणं द्या. त्या दिवशीचा होता, अ च्या इमारतीत जिन्यावर दिवा नव्हता, ब पडला. तुम्हाला खोटं वाटेल, पण कुणाही वकिलाला विचारा, हा प्रश्न फिरून फिरून येतो. मी अडीच पानं लिहिली. ब नं अंधार दिसत असताना उतरायला नको होतं, असा बचाव अ करील, तो कसा टिकत नाही, तेही लिहिलं. अ जबाबदार आहे. खाली रेघ मारली. भाजलेल्या बोटांनी पेन धरता येईना, म्हणून अक्षर तेवढं वाईट आलं.

टॉर्टला मी वर्गात पहिली आले. मावशीनं बाजारात पेढे वाटायला लावले. हाताला प्लास्टर, म्हणून वहिनीनं वाटले.

हात तसा बरा झाला. थोडा वाकडा राहिला, पण सुई धरता यायला लागली. मी म्हटलं, सुटले. पण घरात एक वाक्य शिरलं होतं — आईच्या आता लक्षात राहत नाही. कुणी वाईट मनानं म्हणत नव्हतं, काळजीनंच म्हणायचे. दूध उतू गेलं, की आईनं गॅस चालू ठेवला असेल. किल्ली सापडेना, की आईनं कुठं ठेवली असेल. आधी ती भांडायची. मग भांडायची थांबली. पुढच्या दिवाळीपर्यंत बाजारात वहिनी बसायला लागली, वही-पेन घेऊन. चाळीस घरं वहीत उतरवून घेतली. मावशीनं सगळी बरोबर सांगितली, एकही चुकली नाही, आणि दर घराला विचारत राहिली, "आसंच ना गं? तुला काय वाटतं?" वहिनीला काय ठाऊक असणार?

आणि सुया. ओवणं घरी चालू होतं. संध्याकाळी ती पाच सुया मोजायची, मग पुन्हा मोजायची, मग मला हाक मारायची. वकीलीणबाई, जरा मोज गं. मी मोजायची. पाच आहेत मावशी. मग ती फडका टाकायची. अशी दोन वर्षं मी तिच्या सुया मोजल्या. रोज तोंडाशी यायचं. रोज. पाच म्हटल्यावर पुढे एकच वाक्य बोलायचं होतं — मावशी, तू बटण दाबलं होतंस. किती शब्द आहेत हो? पाच.

आधी वाटायचं, घरातून काढतील, वडील येवल्याला नेतील. ते खरंच होतं. मग शिक्षण संपलं, सनद मिळाली, आता कोण कुठे नेणार होतं मला? तरी नाही बोलले. तोवर दुसरीच भीती बसली होती. जगात एक माणूस मला कौतुकानं वकीलीणबाई म्हणत होतं, ते म्हणायचं थांबेल, ही. तिचं डोकं तिला परत देण्यापेक्षा ते कौतुक मला जास्त हवं होतं. असं स्पष्ट लिहिलं की कसं दिसतं, बघा. असंच होतं.

आता मी अपघाताच्या भरपाईचे दावे लढवते. एकदा मी ट्रकमालकाकडून उभी होते, समोरच्या बाजूची एक म्हातारी साक्षीदार होती, ट्रकचा दिवा बंद होता म्हणाली. मी उलटतपासणीला उठले. खात्री आहे का आजी? अंधारात होतात ना? वय काय तुमचं? तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, असंल बाई, माझंच चुकलं असंल. मी खाली बसले. जजसाहेबांना वाटलं माझी तपासणी संपली.

मावशीला मी शेवटची भेटले ते नव्या शतकाची सहा-सात वर्षं उलटल्यावर. लग्न होऊन मी नाशिकमध्येच होते, दिवाळीला जायचेच. घर तेच, रंग नवा. मावशी वरच्याच खोलीत, अगदी लहान झालेली. मला बघून हात हातात घेतला, बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, भाजलं व्हतं ना गं तुझं, चहाच्या पातेल्यानं? दहा वर्षांपूर्वीचं. मी हो म्हटलं. ह्या बाईच्या लक्षात राहत नाही, असं घरातले म्हणत होते.

आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. चहा झाला, फराळ झाला, तिनं माझ्या मुलीसाठी केलेली छोटीशी वेणी दिली. मी उठले. ती मला सोडायला जिन्यापर्यंत आली, नको म्हणाले तरी आली. आता जिन्यावर तो पांढरा, वळणावळणाचा दिवा होता, वीज वाचवणारा. ते दिवे बटण दाबलं की लगेच लागत नाहीत, क्षणभर थांबतात. मावशीनं बटण दाबलं. अंधारच. तिनं बोट बटणावरून काढलं नाही, तसंच दाबून धरलं, आणि माझ्याकडे वळून पाहिलं. एवढ्यात दिवा लागला. तिच्या चेहऱ्यावर पडला, माझ्यावर पडला, सगळ्या पायऱ्या खालपर्यंत दिसायला लागल्या. तरी तिनं विचारलं,

"लागला ना गं?"

मी म्हटलं, "लागला, मावशी."

आणि उतरून आले. पुढच्या दिवाळीला ती नव्हती.